पाण्यात पाहणं

पाण्याचे मीटर वाचणं हे माझं काम.
ओसोयनिक गावात एकशे बारा घरं.
छत्तीस बंद, युद्धापासून, तरी त्यांचेही आकडे
दर महिन्याला लिहायचे असतात: शून्य, शून्य.
सरकारी माणसानं मत देऊ नये
असं नेमणुकीच्या कागदावर आहे,
म्हणून मी फक्त काय झालं ते सांगतो.

मार्चात कंपनीचा नकाशा आला.
डोंगरामागच्या खोलगटात, जिथे हिवाळ्यात तळं भरतं
आणि मेपर्यंत कुणी बूच काढावं तसं
रिकामं होतं, तिथे
तीन शहरांचा कचरा.
खाली चिकणमाती, असं अहवालात होतं,
आठ मीटर, अखंड. कागद जाड, रंगीत.
शाळेच्या हॉलमध्ये साहेब काठीनं दाखवत होते
कुठे प्लास्टिकचं अस्तर, कुठे नळ्या,
कुठे वीस वर्षांनी झाडं.

मागच्या बाकावरून झेयनिल उठला.
तो गावच्या कबरी खणतो.
"एकतीस वर्षं झाली," टोपी हातात घेऊन म्हणाला,
"या डोंगरात माती मला
गुडघ्याच्या वर कधी लागली नाही. पुढे दगड.
हासीबाची खणताना तर पहारच सुटली हातातून,
गेली खाली, आणि बराच वेळ
आवाज येत राहिला.
तुमचे आठ मीटर कुठे आहेत, साहेब?
दाखवा मला. माझी कंबर वाचेल."

हसले सगळे. साहेबही.
वहीत लिहिलं: सूचना, एक.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण नुसतं म्हणतो.
सेल्वेताला ते कुठे मुरतं हेच बघायचं होतं.
साराजेवोत शिकते ती, दगडांचं काहीतरी.
एप्रिलात चार किलो पूड घेऊन आली,
विटेसारखी तांबडी, पाण्यात पडली की हिरवी,
पोटात गेली तरी काही न करणारी,
आणि तळ्याच्या बुडाशी जे भोक आहे,
ज्यात लहानपणी माझा एक बूट गेला,
त्यात ओतली.

झऱ्यावर पाळ्या लावल्या.
मी मीटरच्या काचा पुसत होतो, जरा जास्तच.
पाचवा दिवस. आठवा. पाणी नितळ.
खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं.
दुकानात कुणी बोललंसुद्धा:
मग होऊ दे की, आपल्याकडे कुठे येतंय?

अकराव्या दिवशी आलं. व्रेलिश्तेत.
डोंगरापलीकडे, रस्त्यानं बावीस किलोमीटर
आणि सत्तावीस वर्षं.
आम्ही त्यांना पाण्यात पाहत आलो, ते आम्हांला.
सेल्वेतानं आधी पत्रं पाठवली होती चारही दिशांना,
तिकडचं कुणी फोडलं नाही.
द्रागोयला नावाच्या बाईनं कॉफीसाठी नळ सोडला
आणि भांडं भरलं कोवळ्या गवताच्या रंगानं.
तिला वाटलं, विष.
तिला वाटलं, आम्हीच.
चूक काय त्यात? आम्हीच तर ओतलं होतं.

कुणीतरी जाऊन सांगायला हवं.
सेल्वेता, झेयनिल, आणि गाडी माझी म्हणून मी.
फाटकाशी ती उभी, हातात भांडं, न ओतलेलं.
सेल्वेता भराभर बोलली: भेगा, अकरा दिवस, कचरा.
बाई ऐकत होती की नाही, कळेना.
मग झेयनिलकडे वळली.
"तू खणतोस ना तिकडे?
आमचीही माणसं आहेत, वर, अक्रोडाखाली."
"आहेत," झेयनिल म्हणाला.
"तिथलं गवत मीच कापतो."

मेमधल्या सुनावणीला व्रेलिश्तेहून बस आली.
दोन गावं दोन बाजूंना बसली,
मध्ये एक बाक मोकळा.
द्रागोयलानं लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली.
हे काय, साहेबांनी विचारलं.
कुणी बोललं नाही. बरणीतून ऊन
त्यांच्या जाड कागदावर पडलं, हिरवं.

निकाल अजून लागलेला नाही.
मला मत नाही.
जूनच्या वहीत मात्र, अक्रोडाकडच्या
एका बंद घरापुढे, काच दोनदा पुसून,
मी लिहिलं आहे: एक.